मिस्सेत हसवायचं असेल तर

मिस्सेत, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, विनोद चालतो. पण मिस्सेत कुठेही चालत नाही, कुणाच्याही तोंडी चालत नाही, आणि व्हॉट्सॲपवरून उचललेला तर अजिबात चालत नाही. इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे नाशिकरोडला वाचकांची तयारी करून घेण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पहिलं वाचन कोण करणार, दुसरं कोण, निवेदन कोण, श्रद्धावंतांच्या प्रार्थना कोण लिहिणार, सगळं मी बघते. मी मूळची श्रीरामपूरकडची. आमचे हे प्रेसमध्ये होते म्हणून इथे आले. केरळ, गोवा, मंगळूरकडून आलेले नवे फादर मराठी प्रवचनाचा कागद अधूनमधून माझ्याकडे पाठवतात, "मावशी, जरा नजर टाका ना" म्हणून. शुद्धलेखनाच्या चुका मी गुपचूप दुरुस्त करते. पण हल्ली कागदाबरोबर एक प्रश्न हमखास येतो: सुरुवातीला एखादा जोक टाकू का?

तर हे उत्तर त्यांच्यासाठी, माझ्या वाचकांसाठी, आणि लग्नात किंवा मयतीत ज्यांच्या हातात अचानक माइक दिला जातो त्या सगळ्यांसाठी.

आधी जागा बघा

मिस्सेतले काही शब्द चर्चचे असतात आणि काही आपले. चर्चच्या शब्दांना हात लावायचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनेवरच्या दस्तऐवजात हे सरळ सांगून टाकलंय: उपासनेत कुणीही, अगदी धर्मगुरूनेही, स्वतःच्या अधिकारात काही घालू नये, गाळू नये, बदलू नये. त्यामुळे पश्चात्तापाच्या प्रार्थनेत कोपरखळी नाही, शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग, वाचताना डोळे मिचकावणं नाही, आणि वेदीवरची मोठी प्रार्थना सुरू झाली की विषयच संपला.

आपले शब्द बोलायला मग उरतं काय? सुरुवातीच्या अभिवादनानंतर त्या दिवसाच्या मिस्सेची ओळख करून देता येते, तीसुद्धा अगदी थोडक्यात. मग प्रवचन. आणि कम्युनियननंतरची, म्हणजे पवित्र भाकर घेतल्यानंतरची, प्रार्थना झाल्यावर, आशीर्वादाच्या आधी, सूचना. बस. हसू यायचं तर या तीन ठिकाणी येऊ द्या. त्यातही प्रवचन फादरांनी किंवा डीकननेच, म्हणजे फादरांच्या खालच्या पायरीवर दीक्षा झालेल्या सेवकानेच, करायचं असतं, चर्चच्या कायद्यातला कॅनन ७६७ तसं स्पष्ट सांगतो. म्हणून तुमच्या ओळखीचा कुणी कितीही छान स्टँडअप करत असला तरी त्याला त्या जागी उभं करू नका. हॉल आहे, स्नेहसंमेलन आहे, नाताळची ट्री आहे, तिथे करू दे त्याला हवं तेवढं.

संत फिलिप नेरींची गोष्ट मला या बाबतीत फार आवडते. सोळाव्या शतकातले रोमचे हे संत भलते मिश्कील. अर्धी दाढी करून लोकांत फिरायचे, आपल्याला कुणी फार मोठा समजू नये म्हणून. मिस्सा करताना ते इतके तल्लीन होत की पुढचे शब्दच निघत नसत. त्यांच्या चरित्रांत येतं, की म्हणून मिस्सेआधी ते विनोदाचं पुस्तक वाचून घेत, पाय जमिनीवर राहावेत यासाठी. म्हणजे चेष्टामस्करीत मुरलेला हा माणूससुद्धा विनोद सॅक्रिस्टीत, म्हणजे मिस्सेची तयारी करायच्या खोलीत, उरकून मग वेदीवर जायचा.

विनोद बाहेरून आणू नका

प्रवचनात सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. आधी जोक, मग "तर प्रिय बंधुभगिनींनो", मग प्रवचन. जोकचा आणि शुभवर्तमानाचा काही संबंध नसतो. लोक हसतात, आणि घरी जाताना त्यांना जोक तेवढा आठवतो.

नाशिकमधलं उदाहरण देते. काना गावच्या लग्नाचं शुभवर्तमान आलं आणि प्रवचनाला बाहेरगावचे फादर असले, की नाशिकच्या वाइनवर विनोद होणारच. "येशू नाशिकला आला असता तर चमत्काराची गरजच पडली नसती," वगैरे. पाहुण्यांना वाटतं हे आपल्यालाच सुचलं. आम्ही सभ्य माणसं, हसतो. पण आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी दारूने काय केलंय हे त्या पाहुण्यांना ठाऊक नसतं, आणि पुढच्या बाकावरची एखादी बाई हसत नाही हे त्यांना दिसत नाही.

आता तेच शुभवर्तमान पुन्हा वाचा, सावकाश. योहानाचा दुसरा अध्याय. दगडाचे सहा रांजण. हिशेब केला तर सगळे मिळून पाचशे-सहाशे लीटर पाणी. नळ नाही, मोटर नाही. येशूने नोकरांना सांगितलं, भरा. का, कशासाठी, एक शब्द नाही. लग्नघरात द्राक्षारस संपलाय, आणि ही माणसं घागरीवर घागरी ओतून रांजण काठोकाठ भरतायत! मग सांगितलं, आता काढा आणि भोजनकारभाऱ्याकडे न्या. न्यायला कोण गेलं असेल, आणि जाताना त्याच्या पोटात केवढा गोळा आला असेल, विचार करा. पाण्याचा द्राक्षारस झालाय. कारभारी चाखतो, खूश होतो आणि नवऱ्या मुलाला बोलावून म्हणतो, लोक आधी चांगला देतात आणि पाहुणे झिंगले की हलका. तू तर चांगला आत्तापर्यंत ठेवलास! नवऱ्याला काहीच ठाऊक नाही. तो बिचारा काय उत्तर देतो ते योहानाने लिहिलेलंच नाही. आपल्याकडच्या लग्नात न केलेल्या गोष्टीचं श्रेय मिळालेला नवरा जसा मान डोलावतो, तसाच त्यानेही डोलावला असणार. आणि कोपऱ्यात ते नोकर. योहान मुद्दाम लिहितो, की पाणी काढणाऱ्या नोकरांना ठाऊक होतं.

हे नीट सांगितलं तर लोक हसतात. बाहेरचा एक शब्द घालावा लागत नाही. आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येतं, की सगळ्या लग्नात देवाचं काम दिसलं ते फक्त पाणी वाहणाऱ्यांना. दर शनिवारी चर्च झाडायला येणाऱ्या बायकांकडे बघून हे वाक्य म्हणा, प्रवचन तिथेच झालं.

शुभवर्तमानात अशा जागा कमी नाहीत. डोळ्यातलं मुसळ घ्या. म्हण म्हणून आपण ते इतकं वापरलंय की चित्र पुसून गेलंय. पण डोळ्यातून हातभर मुसळ बाहेर आलेला माणूस समोरच्याला म्हणतो, "थांब, हलू नकोस, तुझ्या डोळ्यातलं कुसळ काढतो," आणि वळताना ते मुसळ चार जणांना लागतं, हे चित्र फादरांनी नुसतं उभं करून दोन क्षण थांबावं. जक्कय घ्या. जकातदारांचा मुख्य, पैसेवाला, आणि उंबराच्या झाडावर चढलाय. योना तर अख्खा तसाच: शहर वाचलं म्हणून रुसून बसलेला संदेष्टा दुसरा दाखवा. त्या शहराच्या, निनवेच्या, राजाने पश्चात्ताप म्हणून गुराढोरांनाही गोणपाट नेसवायचा हुकूम काढला, ते वाचन ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या बुधवारी येतं. म्हणजे ऐन उपवासकाळात चर्चनेच बैलांना गोणपाट नेसवून आपल्यासमोर आणलेत.

माझी कसोटी साधी आहे. प्रवचनाच्या कागदावरचा विनोद पेन्सिलीने खोडा आणि बाकीचं वाचून बघा. काहीच बिघडलं नाही, तर तो विनोद तिथे नकोच होता. मुद्दाच लंगडा झाला, तर ठेवा.

युरोपात याचा अतिरेक होऊन गेलाय. जर्मन मुलखात ईस्टरच्या मिस्सेत लोकांना हसवायची चालच पडली होती, 'पास्काचं', म्हणजे ईस्टरचं, 'हसू' म्हणून. कल्पना वाईट नव्हती. चाळीस दिवसांचा उपवास झाला, मरण हरलं, आता हसा. पण होता होता कुणी प्रवचनपीठावरून पक्ष्यासारखं कुकू करू लागला, कुणी संत पेत्राने खानावळवाल्याला कसं गंडवलं याच्या गोष्टी सांगू लागला. १५१८ साली बाझेलमध्ये ओकोलाम्पादिउस या विद्वानाने याच्यावर टीकेचं पत्रच छापलं. आपल्याकडे ईस्टरच्या रात्री एवढं काही होत नाही. आपल्याकडे मेणबत्तीचं मेण पुढच्या बाईच्या पदरावर सांडतं, तेवढंच.

आठ मिनिटं

लांबलेल्या प्रवचनाला विनोदाचा टेकू देऊ नका. प्रवचन छोटं करा. पोप फ्रान्सिस यांनी १२ जून २०२४ रोजी सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांवर जाऊ नये, त्यापुढे लोकांचं लक्ष उडतं, ते झोपतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. दोनच दिवसांनी त्यांनी व्हॅटिकनमध्ये जगभरच्या शंभरावर विनोदी कलाकारांना भेटायला बोलावलं होतं आणि देवाशीही आपण थट्टा करू शकतो, जशी जिवाभावाच्या माणसांशी करतो, असं त्यांना म्हणाले. याच पोपनी २०१३ मध्ये लिहून ठेवलंय की प्रवचन म्हणजे करमणुकीचा कार्यक्रम नव्हे. या दोन गोष्टींत मला तरी विरोध दिसत नाही. विनोद हवा, कार्यक्रम नको.

लांबणाऱ्या फादरांना माझं औषध म्हणजे बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय. आठवड्याचा पहिला दिवस, भाकर मोडायला सगळे जमलेत, म्हणजे आपली रविवारची मिस्साच म्हणा. पौल बोलतोय तो मध्यरात्रीपर्यंत. युतुख नावाचा पोरगा खिडकीत बसलाय. पेंगतो, पेंगतो, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली. लोक उचलायला जातात तर मेलेला. पौल खाली जातो, त्याला कवटाळतो, घाबरू नका म्हणतो, पोरगा जिवंत. आणि मग? मग पौल वर जातो, भाकर मोडतो आणि पहाटेपर्यंत बोलत राहतो! हे मी फादरांना सांगते आणि वर एवढंच म्हणते, की पोराला उठवता येत असेल तर खुशाल लांबवा.

वाचकांसाठी

वाचकाने विनोद करायचा नसतो. वाचनात असेल तो लोकांपर्यंत जाऊ द्यायचा असतो. पापामुळे नाश होऊ घातलेलं सदोम शहर वाचावं म्हणून अब्राहाम देवाशी घासाघीस करतो ते वाचन घ्या, उत्पत्तीचा अठरावा अध्याय. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? दहा? रविवारच्या बाजारात मेथीची जुडी घेताना आमच्या बायका याच चालीने उतरतात.

नवीन वाचक हे दोन पद्धतीने बिघडवतात. एक तर सगळे आकडे रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखे सपाट वाचतात. नाहीतर अब्राहामाचा गयावया करणारा आवाज काढतात आणि शाळेचं गॅदरिंग होतं. मी असं शिकवते: आवाज बदलू नका. प्रत्येक प्रश्नाआधी एक श्वास थांबा. "प्रभूने रागावू नये" हे वाक्य पहिल्यांदा जितक्या आदबीने वाचलंत तितक्याच आदबीने दुसऱ्यांदा वाचा. तिसपर्यंत पोहोचलात की मागच्या बाकावरचे म्हातारे गालात हसायला लागतात. तुम्ही हसू नका. कागदावरून नजर काढू नका. दहावर आल्यावर थोडं जास्त थांबा, कारण तिथे चर्च गप्प होतं. पुढे सदोम वाचलं नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं.

कुणावर हसायचं नाही

बोलणाऱ्याने हसावं ते स्वतःवर. फादर आपल्या मराठीवर, आपल्या पोटावर, आपल्या स्कूटरवर खुशाल हसोत. केरळच्या एका तरुण फादरांनी पहिल्याच रविवारी सांगितलं, "माझ्या मराठीत चुका झाल्या तर तेवढं प्रायश्चित्त समजा, उपवासकाळ आहेच." लोकांनी त्यांना तिथेच आपलं मानलं.

पण आपलं नाशिक धर्मप्रांत बघा. १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळं झालं. नाशिक, नगर, धुळे, जळगाव, नंदुरबार एवढा पसारा. एकाच मिस्सेला नगरकडची माणसं, गोव्याची, वसईची, मल्याळी, तमिळ, नंदुरबारकडची आदिवासी मुलं. कुणाच्या बोलीची नक्कल केली की हशा हमखास येतो, आणि ज्याची नक्कल झाली तो पुढचा महिनाभर इंग्रजी मिस्सेला जातो. खेड्यातून आलेल्यांवर, कुणाच्या जुन्या जातीकडे बोट जाईल अशा आडनावांवर, बायकोवर, सासूवर, कन्फेशनमध्ये काय ऐकू येतं यावर, कधीच नाही. कन्फेशनवर तर गंमत म्हणूनसुद्धा नाही. एक वाक्य गेलं की लोक विचार करतात, माझंच तर सांगितलं नाही ना.

इतरांच्या श्रद्धेवरही नाही. कॅटेकिझमच्या, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या, वर्गात नोहाचा पूर सांगताना मी पोरांना विचारते, "गोदावरीला पूर किती आला हे आपण कशावरून सांगतो?" पोरं ओरडतात, "दुतोंड्या मारुती!" मग मी सांगते, "त्याच्या डोक्यावरून पाणी गेलं, पंचवटी गेली, पांडवलेणी गेली, तेव्हा कुठे निम्मं झालं." पोरं डोळे मोठे करून हसतात. पूर मोजायची ती नाशिकची पट्टी आहे, सगळं गाव तिच्यावरच मोजतं. त्यापुढे मूर्तीवर शेरा मारला तर तो विनोद राहत नाही. आणि आता बाकाबाकावर मोबाइल आहे. वीस सेकंदांचा तुकडा कापून कुठल्या ग्रुपवर जाईल सांगता येत नाही, आणि त्यात तुमच्या पुढचं-मागचं वाक्य नसतं.

सूचना ही विनोदाची हक्काची जागा

इथे मोकळे व्हा. लोक उठायच्या तयारीत असतात, आणि नुसत्या विनंत्या कुणी ऐकत नाही. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला गोवा, मुंबई, वसईहून माणसं लोटतात तेव्हा गाड्यांचा प्रश्न दर वर्षीचा. "वाहने व्यवस्थित लावावीत" याने एक स्कूटर हलत नाही. "गेटसमोर ज्यांची पांढरी गाडी आहे त्यांनी ती काढावी, आशीर्वाद गाडीला नाही, माणसाला मिळतो" याने हलते. मोबाइलसाठी, संडे कलेक्शनमधल्या फाटक्या दहाच्या नोटांसाठी (नोटा छापणाऱ्या प्रेसच्या गावात फाटकी नोट!), गायकवृंदात पुरुष आवाज हवेत यासाठी असं एखादं वाक्य लिहून ठेवा. एका सूचनेला एकच. आणि लिहूनच आणा; आयत्या वेळी सुचलेलं निम्म्या वेळा कुणाला तरी लागतं.

मयत, लग्न, मुलं

मयतीच्या मिस्सेत प्रवचनाऐवजी मृताची स्तुती करायची नाही, असा चर्चचा नियम आहे. कम्युनियननंतरच्या प्रार्थनेनंतर, शेवटच्या निरोपाआधी, घरच्या एकाने दोन शब्द बोलता येतात. तिथे हसू आलं तर घाबरू नका. "बाबा प्रत्येक मिस्सेला पाच मिनिटं उशिरा आले, आज पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी येऊन बसलेत," असं एका मुलाने म्हटलं तेव्हा रडता रडता सगळे हसले. हे चाललं, कारण तो मुलगा होता. हेच शेजाऱ्याने म्हणू नये. दारू, भांडणं, वाटण्या यांचे किस्से महिन्याच्या मिस्सेनंतर घरी, जेवताना.

लग्नात नवरानवरी आधीच घामाघूम असतात. "आता सुटका नाही" छापाचे विनोद फादरांनी गाळावेत, हॉलमध्ये मित्र ते करणारच आहेत.

मुलांच्या मिस्सेत मुलांना प्रश्न विचारा, विनोद मुलं करतात.

आणि ठरवून न आलेलं हसू. वेदीसेवकाच्या हातून घंटी पडते, बाप्तिस्म्याचं बाळ फादरांचा चष्मा ओढतं, शांततेत कुणाच्या तरी खिशातून ढोलकीची रिंगटोन वाजते. अशा वेळी फादरांनी फक्त थांबावं. स्वतः हसू आलं तर हसावं. त्यावर शेरा मारायचा नाही, रागवायचं तर नाहीच. हसू आपोआप ओसरतं, मग प्रार्थना जिथे थांबली होती तिथून पुढे.

राहता राहिलं, फादरांचा विनोद आवडला नाही तर काय करायचं. बाहेर पडता पडता चार जणांत बोलू नका, ग्रुपवर टाकू नका. सोमवारी जा, एकटे जा, आणि नेमकं कोणतं वाक्य कुणाला लागलं ते सांगा. "फादर, तुमची प्रवचनं हलकी होतायत" असं म्हटलं तर ते घाबरून पुढच्या रविवारी वीस मिनिटांचं धर्मशास्त्र वाचून दाखवतील. रविवारी मात्र जाऊ नका. तीन मिस्सा करून ते उपाशी असतात.